घरातील पेस्ट कंट्रोल: महाराष्ट्रातील घरमालक आणि भाडेकरू यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पुण्यातील भाड्याच्या पहिल्या घरात मी पेस्ट कंट्रोल करून घेतले, तेव्हा आलेल्या माणसाने पाण्याच्या जुन्या बाटलीतून दुधासारखे पांढरे द्रावण पंपात ओतले. औषधाचे नाव विचारले असता तो म्हणाला, “ताई, झुरळांचं औषध आहे, बाकी काही नाही.” स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडत असल्यामुळे दोन तासांत तो उग्र वास वरच्या मजल्यावर पोहोचला आणि तिथले लहान मूल खोकू लागले. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या नावाचा, आणि त्याचे उत्तर इमारतीत कोणाकडेही नव्हते. मूल संध्याकाळपर्यंत बरे झाले, मला सोसायटीचे पत्र आले आणि घर सोडताना घरमालकांनी त्याच कामाच्या नावाखाली अनामत रकमेतून पुन्हा पैसे कापले.

त्यानंतरच्या तीन घरांत वाळवी, ढेकूण आणि उंदीर असे तिन्ही प्रकार अनुभवून झाले, आणि त्या निमित्ताने कायदा, करारनामे आणि औषधांची लेबले वाचावी लागली. पहिल्यांदाच घर भाड्याने घेणाऱ्या किंवा देणाऱ्या व्यक्तीला हा सगळा घोळ टाळता यावा, म्हणून ज्या क्रमाने कामे करावीत त्या क्रमाने खाली लिहिले आहे.

१. कंपनीला फोन करण्याआधी कीड ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. वास्तविक कोणती कीड आहे हे कळले की औषध कोणते, खर्च कोणाचा आणि काम एका घरापुरते की संपूर्ण इमारतीचे, हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

झुरळांचेच उदाहरण घ्या. फिकट तपकिरी रंगाचे, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असलेले लहान झुरळ घरातच वाढते आणि ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रीजच्या मोटारीमागची ऊब, मिक्सरखालची फट अशा जागी राहते. लालसर रंगाचे, अंगठ्याएवढे मोठे झुरळ मात्र बहुधा ड्रेनेजच्या चेंबरमधून मोरीच्या जाळीवाटे वर येते. पहिल्या प्रकारात आपल्या स्वयंपाकघरात काम करावे लागते. दुसऱ्या प्रकारात सोसायटीने चेंबरवर उपचार केल्याशिवाय घरात कितीही फवारले तरी आठवडाभरात नवी झुरळे हजर होतात.

ढेकणांचा संशय असेल तर रात्री टॉर्च घेऊन गादीच्या कडेची शिवण, पलंगाचे सांधे आणि हेडबोर्डमागची भिंत तपासा. शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग ही खात्रीची खूण असते. जुने एटीएम कार्ड सांध्यातून फिरवले की अंडी आणि कात बाहेर येतात. वाळवीच्या बाबतीत भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात, आणि दाराच्या चौकटीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली की पोकळ आवाज येतो. मातीच्या नळ्या नसून फर्निचरखाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर ते लाकूड पोखरणारे भुंगेरे असण्याची शक्यता अधिक असते आणि त्यांच्यावरचा उपचार वेगळा असतो. जे दिसेल त्याचे तारीख उमटेल असे फोटो काढा, कारण पुढे घरमालक, सोसायटी आणि कंपनी या तिघांशीही बोलताना ते उपयोगी पडतात.

२. फवारणी, जेल आणि धुरी यांत गल्लत करू नका

आपल्याकडे कोणत्याही फवारणीला “फ्युमिगेशन” म्हणण्याची पद्धत आहे. ही केवळ भाषेची चूक असती तर मी त्यावर एवढे लिहिले नसते, परंतु या एका शब्दाच्या घोळातून जिवावर बेतू शकते.

जेल म्हणजे आमिष. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के असलेल्या जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांपाशी आणि फटींत लावले जातात. झुरळ ते खाते आणि आपल्या जागी जाऊन मरते. फवारणीत पाण्यात मिसळलेले कीटकनाशक भिंतीच्या कडा, फटी आणि सांध्यांवर बसते. वाळवीच्या उपचारात जमिनीला आणि चौकटीला छिद्रे पाडून औषध आत सोडले जाते. घरगुती काम जवळजवळ नेहमी या तीन प्रकारांतच बसते.

धुरी, म्हणजेच खरे फ्युमिगेशन, ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यात बंद जागेत विषारी वायू भरला जातो. गोदामातील धान्यासाठी वापरली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलावा लागताच फॉस्फिन वायू सोडते; तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन तयार होतो. या वायूवर नेमका उतारा उपलब्ध नाही, आणि तो भिंतीच्या भेगा, विजेच्या नळ्या, डक्ट व फॉल्स सीलिंग यांतून शेजारच्या घरात सहज शिरतो. भारतात ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर निर्बंधित आहे: त्याचे काम फक्त शासकीय यंत्रणा किंवा पेस्ट कंट्रोल ऑपरेटर यांनी, शासकीय तज्ज्ञाच्या अथवा केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी मान्यता दिलेल्या तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखाली करायचे असते. गोदामासाठी, जहाजाच्या मालासाठी आणि शेतातील उंदरांच्या बिळांसाठी ते आहे. माणसे राहतात त्या फ्लॅटमधील ढेकणांसाठी नाही.

त्यामुळे “गोळ्या ठेवतो, दार दोन दिवस बंद ठेवा, ढेकूण मुळापासून जातील” असे कोणी सांगितले, तर त्याला तिथूनच परत पाठवा. शेजाऱ्याच्या घरात असे काही चालल्याचे कळले आणि लसणासारखा किंवा कुजलेल्या माशांसारखा वास आला, तर खिडक्या उघडण्यात वेळ न घालवता घरातील सर्वांसह बाहेर पडा आणि ११२ वर कळवा. त्या गोळ्यांवर पाणी मात्र ओतू नका, पाण्याने वायू अधिक वेगाने सुटतो.

३. खर्च कोणाचा, हे करारात पाहा. करार व्हायचा असेल तर त्यात लिहून घ्या

“भाडेकरू” हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात दोन वेगळ्या प्रकारची माणसे भाड्याच्या घरात राहतात, आणि दोघांचे हक्क सारखे नाहीत.

जुन्या चाळीत किंवा पागडीच्या खोलीत राहणारा खरा भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कक्षेत येतो. त्या अधिनियमाच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर, जागा राहण्यायोग्य आणि दुरुस्त स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. घरमालकाने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. कलमात “पेस्ट कंट्रोल” हा शब्द नाही. वाळवीने चौकट, तुळई किंवा जिना पोखरला असेल तर ती दुरुस्ती आहे असे ठामपणे मांडता येते, पण ओट्याखालची झुरळे त्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये असे माझे मत आहे.

आजकाल शहरांत फ्लॅट घेणारे बहुतेक जण मात्र लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत हे भाडेकरू नसून परवानगीवर राहणारे असतात, आणि वरचे वजावटीचे हत्यार त्यांनी स्वतःचे समजून वापरणे धोक्याचे आहे. मी पहिल्या घरात हीच चूक केली: एका परिचिताच्या सांगण्यावरून भाड्यातून खर्च वजा केला आणि घरमालकांनी ती थकबाकी म्हणून नोंदवली. या प्रकारात करारात काय लिहिले आहे तेच चालते. तोच अधिनियम कलम ५५ मध्ये असा करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याचे बंधन घालतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकतो. नोंदणी झालेली नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घरमालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

करारांच्या तयार मसुद्यांत बहुधा “नैसर्गिक झीज वगळता जागा आहे त्या स्थितीत परत करावी” एवढेच असते, आणि सगळे वाद या “आहे त्या स्थितीत” मधून निघतात. नोंदणीच्या आधी मसुदा पाहायला मिळतो, तेव्हा इतर अटींमध्ये पुढील मजकूर घालून घ्या. माझ्या शेवटच्या दोन करारांत तो होता आणि दोन्ही वेळा घरमालकांनी हरकत घेतली नाही:

“ताबा देण्यापूर्वी जागेचे पेस्ट कंट्रोल मालकाने स्वखर्चाने करून त्याचे बिल द्यावे. वाळवी, लाकूड पोखरणारी कीड आणि इमारतीच्या बांधकामाशी अथवा ड्रेनेजशी संबंधित प्रादुर्भाव यांचा खर्च मालकाचा राहील. वास्तव्यकाळातील झुरळे, मुंग्या व ढेकूण यांवरील नियमित उपचारांचा खर्च राहणाऱ्याचा असेल. ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत ढेकूण आढळल्यास तो प्रादुर्भाव आधीचा मानला जाईल.”

तीस दिवसांची अट महत्त्वाची आहे, कारण ढेकूण अन्नाशिवाय काही महिने तग धरतात आणि रिकाम्या फ्लॅटमधील जुन्या पलंगात ते आधीपासून असू शकतात. नव्या राहणाऱ्याने ते आणले की त्याला ते मिळाले, हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

घरमालकांसाठी एक सूचना: स्वतःची किल्ली वापरून, राहणाऱ्याला न कळवता पेस्ट कंट्रोलचा माणूस घरात पाठवू नका. तपासणीसाठीसुद्धा आधी सूचना देऊन वाजवी वेळी यावे, अशीच कायद्याची अपेक्षा आहे.

४. सोसायटीला आणि शेजाऱ्यांना लेखी कळवा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ड्रेनेजच्या वाहिन्या, पाण्याच्या टाक्या, जिने, गच्ची आणि आवार यांची देखभाल संस्थेच्या खर्चाने होते, तर फ्लॅटच्या आतले काम सभासदाचे असते. म्हणून चेंबर, कचऱ्याची जागा, पार्किंग आणि डक्ट यांवरचा उपचार संस्थेकडे मागावा. राहणारा स्वतः सभासद नसल्यामुळे अर्जावर घरमालकाची सही घ्या किंवा त्यांच्या ईमेलवरून पाठवा, नाहीतर तो अर्ज सचिवांच्या टेबलावर पडून राहतो.

फ्लॅटमधील कामासाठी संस्थेची परवानगी लागतेच असे नाही, पण किमान २४ तास आधी फलकावर सूचना लावण्याचा मी नियमच केला आहे. त्यात फ्लॅट क्रमांक, तारीख, वेळ, कंपनीचे नाव, औषधाचे नाव आणि “डक्टच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात” एवढे पुरते. वरच्या, खालच्या आणि लागून असलेल्या घरांत मात्र स्वतः जाऊन सांगा. दमेकरी, गरोदर स्त्री, तान्हे मूल, पाळीव पक्षी किंवा माशांची टाकी कोणाकडे आहे ते त्याच वेळी कळते. ढेकणांच्या बाबतीत लोक लाजेपोटी शेजाऱ्यांना सांगत नाहीत, आणि नेमके त्यामुळे ते इमारतभर पसरतात.

५. ऑपरेटर निवडताना कोणती कागदपत्रे पाहावीत

कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम १३ नुसार कीटकनाशके वापरून व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो, आणि तो राज्याच्या कृषी विभागाकडून मिळतो. दुकाने व आस्थापना नोंदणी, जीएसटी क्रमांक किंवा ॲपवरील चांगले रेटिंग यांपैकी काहीही या परवान्याची जागा घेऊ शकत नाही. मला आतापर्यंत तीन जणांनी परवाना म्हणून दुकानाची नोंदणीच दाखवली आहे.

काम ठरवण्यापूर्वी पुढील गोष्टी मागा:

- कीटकनाशक अधिनियमाखालील परवान्याची प्रत, त्यावरील नाव, पत्ता आणि मुदत तपासून
- वापरायच्या औषधाचे व्यापारी नाव आणि त्यातील मूळ रसायनाचे नाव व टक्केवारी, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी
- कोणत्या खोल्या, किती फेऱ्या, दोन फेऱ्यांत किती दिवस आणि हमी कशाची, याचा तपशील असलेले दरपत्रक
- काम झाल्यावर जीएसटीसह पक्के बिल आणि सेवेचा अहवाल

औषध तुमच्यासमोर मूळ डब्यातूनच काढले गेले पाहिजे, हा मुद्दा अजिबात सोडू नका. डब्यावर नोंदणी क्रमांक, मुदत आणि एका कोपऱ्यावर उभा केलेला रंगीत चौकोन असतो. चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषारीपणा सांगतो: लाल म्हणजे अतितीव्र, मग पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल चौकोनात कवटी आणि हाडांचे चिन्हही असते. घरात निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या औषधांनी काम भागत असताना लाल डबा निघाला, तर काम थांबवा आणि कारण विचारा.

देशात बंदी असलेली औषधेही जुन्या साठ्यातून कधीकधी बाहेर येतात. डायक्लोरव्हॉस, ज्याला जुने लोक डीडीव्हीपी म्हणतात, ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. एकेकाळी वाळवीसाठी सर्रास वापरली जाणारी ॲल्ड्रिन आणि क्लोरडेन ही औषधेही केव्हाच बंद झाली. “आमचं औषध जुनं, जालीम आहे” हे वाक्य त्यामुळे मला जाहिरातीपेक्षा इशाऱ्यासारखेच ऐकू येते. उलट टोकाला “हर्बल” आणि “बिनवासाचे” हे शब्द असतात. वास बहुधा औषधातील द्रावकाचा असतो, त्यामुळे वास नाही म्हणजे विष नाही असा अर्थ होत नाही, आणि हर्बल म्हणून विकलेल्या कीटकनाशकाचाही नोंदणी क्रमांक विचारावा.

६. आदल्या दिवशीची तयारी

जेलसाठी फार काही करावे लागत नाही; ओट्याखालची कपाटे रिकामी करून, तेलकटपणा पुसून ठेवला की झाले. फवारणी असेल तर भांडी, धान्याचे डबे, पिण्याचे पाणी, औषधे, टूथब्रश आणि मुलांची खेळणी बंद खोलीत हलवा किंवा प्लास्टिकने झाका. माशांची टाकी शक्यतो बाहेर न्या. ते जमत नसेल तर हवेचा पंप बंद करून ती पूर्ण झाका, कारण घरगुती फवारणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत घातक असतात. त्याच गटातील पर्मेथ्रिन मांजरांनाही सोसत नाही.

ढेकणांसाठी चादरी, पडदे आणि कपडे गरम पाण्यात धुऊन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा. गादी बाहेर फेकण्याची घाई करू नका. जिन्यातून नेताना तीच ढेकूण वाटत जाते.

वाळवीसाठी छिद्रे पाडायची असतील तर आणखी एक काम आहे, आणि ते घरमालकाने करायचे आहे: जमिनीखालून आणि भिंतीतून गेलेल्या पाण्याच्या व विजेच्या नळ्या कुठे आहेत ते खडूने आखून देणे. अस्तित्वात असलेल्या इमारतींतील वाळवीच्या उपचारासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे, आणि त्याच्या तिसऱ्या भागातील पद्धतीप्रमाणे भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे सुमारे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे घेतली जातात. माझ्या तिसऱ्या घरात चौथ्याच छिद्राला ड्रिलने गरम पाण्याची लपलेली नळी फोडली आणि वाळवीऐवजी आम्ही दोन दिवस गळतीच काढत बसलो. बाथरूममध्ये छिद्रे पाडली तर जलरोधक थर फुटतो, तळमजल्यावर जमिनीखालील पाण्याची टाकी किंवा विहीर जवळ असेल तर औषध पाण्यात उतरण्याचा धोका असतो. या दोन्ही जागा दरपत्रकातच वगळून घ्या.

७. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी

मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दमेकरी यांना सकाळीच बाहेर पाठवा. घरातील एका प्रौढ व्यक्तीने औषध मिसळेपर्यंत हजर राहावे, डब्याच्या लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा आणि नंतर बाहेर पडावे. काम करणाऱ्याने हातमोजे आणि मास्क घातले नसतील तर ते घालण्यास सांगा. तो माणूस रोज पाच-सहा घरे फवारतो, आणि त्याच्या मालकाने ते दिले नसतील तर तुमच्या आग्रहाने कदाचित देईल.

साधारण तीन ते चार तास घर बंद ठेवावे लागते. लेबलवर अधिक वेळ लिहिला असेल तर तेवढा. परत आल्यावर सर्व खिडक्या उघडून, पंखे लावून, तासभर पुन्हा बाहेर थांबा. ओटा आणि जेवणाचे टेबल साबणाच्या पाण्याने धुवा, परंतु भिंतीच्या कडा आणि फटी आठवडाभर ओल्या फडक्याने पुसू नका, कारण औषधाचा परिणाम तिथेच टिकायचा असतो.

८. दुसरी फेरी चुकवू नका

ढेकणांची अंडी बहुतेक फवाऱ्यांना दाद देत नाहीत आणि साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून १० ते १५ दिवसांनी दुसरी फेरी घेतलीच पाहिजे. ती दरपत्रकात नसेल तर स्वस्त दर हा स्वस्त नसतो. लहान झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात, त्यामुळे जेलनंतरही दोन-तीन आठवडे पिल्ले दिसली तर घाबरू नका. या काळात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पिल्लू दिसले की बाजारातील स्प्रे मारणे. त्या वासाने झुरळे जेलपासून दूर जातात आणि दोन्हींचे पैसे वाया जातात.

उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनचे केक ठेवत असाल तर ते मुलांना आणि पाळीव प्राण्यांना पोहोचता येणार नाही अशा बंद आमिषपेटीतच ठेवा, आणि नळीभोवतीच्या फटी जाळी व सिमेंटने बुजवा. नाहीतर उंदीर मेले तरी त्यांची वाट तशीच राहते.

९. जी कामे महापालिकेची किंवा वन विभागाची आहेत

रस्ता, नाला आणि सार्वजनिक जागांतील डास व उंदीर यांची तक्रार पालिकेकडे करावी. मुंबईत प्रत्येक विभाग कार्यालयात कीटकनाशक खात्याची माणसे असतात आणि १९१६ वर तक्रार नोंदवता येते. रात्री उंदीर मारणारे कर्मचारीही याच खात्याचे. मात्र आपल्या आवारात डासांची पैदास आढळली तर जबाबदारी आपली ठरते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ खाली त्याबद्दल नोटीस येते आणि पुढे खटलाही होऊ शकतो; इतर शहरांच्या पालिकाही दंड करतात. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंतचा प्रवास साधारण आठवडाभरात पूर्ण करतो, म्हणून कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे आणि गच्चीवरील टाक्यांची झाकणे आठवड्यातून एकदा पाहावीत. धूरफवारणीने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातील अळ्या नाहीत.

घरात साप शिरला तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका. सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१०. विषबाधा झाली किंवा काम फसले तर

त्रास होत असलेल्या व्यक्तीला मोकळ्या हवेत न्या, अंगावर औषध सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवा, पोटात गेले असेल तर स्वतःहून उलटी करवू नका आणि १०८ वर फोन करा. लेबलचा फोटो सोबत न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड आणि उंदरांचे रक्त पातळ करणारे विष यांवरचे उपचार वेगवेगळे असतात, त्यामुळे तो एक फोटो डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा.

विनापरवाना काम किंवा बंदी असलेले औषध आढळल्यास कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते; त्याला तपासणीचे आणि नमुने घेण्याचे अधिकार आहेत. हमी देऊनही दुसरी फेरी दिली नाही, तर आधी कंपनीला लेखी मुदत द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क आकारले जात नाही. पक्के बिल नसेल तर हा मार्ग फार अवघड होतो; रोखीने थोडे पैसे वाचवण्याचा मोह इथे महागात पडतो.

११. घर सोडताना

ताबा देण्याच्या आठवडाभर आधी घरमालकांसोबत प्रत्येक खोली पाहा, पलंग उचलून दाखवा, ट्रॉल्या बाहेर काढून दाखवा आणि फोटो काढा. तुमच्या काळातील सर्व बिले आणि सेवेचे अहवाल एका फाइलमध्ये देऊन, मिळाल्याची पोच घ्या. अनामत परत मागताना “पेस्ट कंट्रोलपोटी” कपात सांगितली गेली, तर त्या कामाचे बिल, तारीख आणि औषधाचे नाव लेखी मागा. शेवटच्या घरात मी हेच केले. घरमालकांनी दोन दिवसांनी फोन करून सांगितले की काम अजून करून घ्यायचे आहे, आणि त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम खात्यावर जमा झाली.